सत्तेचाळीस वर्षांची खतावणी

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तेथे ‘ई. हेज अँड सन्स’ हे लोखंडी सामानाचे घराणेदार दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, करवती, बागकामाची अवजारे असा सगळा माल तेथे मिळतो. बिजागऱ्यांची जोडी घ्यायला आलेले गिऱ्हाईक मालाच्या रांगांमधून पुढे सरकते आणि एका जुन्या मोटारसायकलीसमोर थबकते. ही मोटारसायकल १९२० सालची आहे. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचा जास्तीत जास्त वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर होता. ऑगस्ट १९६७ मध्ये अमेरिकेतील मिठाच्या मैदानावर तिने ताशी २९५ किलोमीटरच्या पुढचा जागतिक विक्रम नोंदवला. त्या वेळी तिचे वय ४७ वर्षांचे होते आणि तिच्यावर स्वार झालेल्या गृहस्थाचे ६८ वर्षांचे.

त्या गृहस्थाचे नाव बर्ट मन्रो. जन्म २५ मार्च १८९९ चा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला हा माणूस पुढे मोटारसायकलींचा विक्रेता आणि दुरुस्ती कारागीर झाला. त्याच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पाठीशी कारखाना नव्हता आणि खर्च उचलणारा कोणी धनिकही नव्हता. एक गाळा, त्यात लेथ, काणशी, भट्टी आणि झोपायला एक खाट, एवढाच त्याचा संसार. प्रकृती ढासळल्यावर त्याने आपल्या गाड्या हेज घराण्यातील नॉर्मन हेज यांना विकल्या. त्यामुळे विक्रमी यंत्र संग्रहालयाच्या काचेमागे न जाता दुकानात आले. आपल्या पेढीवर आजोबांचा तराजू आणि पहिली वही जपून ठेवणाऱ्या घरांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मोटारसायकलीच्या नावाने मात्र भारतीय वाचकाची गफलत होते. तिच्या टाकीवर ‘इंडियन’ असे लिहिलेले असते. हा अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरातील कंपनीचा छाप आहे. हिंदुस्थानाशी त्याचा संबंध नाही. मन्रोवर २००५ साली निघालेल्या इंग्रजी चित्रपटाच्या नावात ‘जगातील सर्वांत वेगवान इंडियन’ असे शब्द आहेत, तेव्हा अनेकांना तो एखाद्या भारतीय धावपटूवरचा असावा असे वाटले. मन्रोने घेतलेल्या गाडीचे पूर्ण नाव ‘इंडियन स्काउट’. व्ही अक्षरासारखी मांडणी असलेली दोन सिलिंडर, ६०० सीसी क्षमता, तीन गिअर. त्या काळात ती मध्यम, शहाणीसुरती, घरगुती वापराची गाडी समजली जाई. शर्यतीसाठी कोणी निवडावी असे तिच्यात काही नव्हते.

अशा गाडीचा वेग साडेतीन पटींच्या जवळ नेणे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी एक छोटा हिशेब मांडावा लागतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या वाहनाचा मोठा शत्रू हवा. वेग दुप्पट केला की हवेचा अडसर चौपट होतो आणि तो सारून पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ८८ वरून २९६ म्हणजे वेग सुमारे ३.३६ पट. या आकड्याचा घन काढला तर उत्तर ३८ च्या आसपास येते. गाडीचा आकार तोच ठेवला असता, तर इंजिनाला मुळापेक्षा अडतीसपट शक्ती द्यावी लागली असती. इतके देणारे इंजिन त्या साच्यातून निघणे शक्यच नव्हते. म्हणून तयारीची दोन खाती पडतात: एका खात्यात शक्ती जमा करायची आणि दुसऱ्या खात्यातून हवेचा खर्च कमी करायचा. मन्रोने दोन्ही खाती चार दशके चालवली.

आधी शक्तीचे खाते. स्काउटचे मूळ इंजिन ‘साइड व्हॉल्व्ह’ पद्धतीचे होते. यात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी व जळलेला वायू बाहेर सोडणारी झाकणे सिलिंडरच्या बाजूला असतात. दुकानाचे दार हमरस्त्यावर न ठेवता बाजूच्या बोळात ठेवावे, तसा हा प्रकार. रोजची गिऱ्हाइकी आरामात चालते. दिवाळीची गर्दी लोटली की बोळ तुंबतो. इंजिनाचे फेरे वाढले की मिश्रणाला वळण घेऊन आत यायला सवडच उरत नाही. मन्रोने ही झाकणे सिलिंडरच्या माथ्यावर नेली आणि त्यांची उघडझाप नीट व्हावी म्हणून चार कॅमची स्वतंत्र रचना बसवली. पुढे सिलिंडर मोठे करीत त्याने ६०० सीसीची क्षमता १९६२ पर्यंत ८५०, १९६६ पर्यंत ९२० आणि १९६७ पर्यंत ९५० सीसीपर्यंत नेली. त्या वाढीव ताकदीपुढे मूळ गिअरचा दुवा टिकणार नव्हता; तेथे तिहेरी साखळी आली.

हे सगळे भाग विकत मिळण्यासारखे नव्हते. मिळते तरी त्याला परवडले नसते. म्हणून तो स्वतः ओतकाम करी. जुने निकामी झालेले पिस्टन वितळवायचे, टाकाऊ डब्यांचा साचा करायचा आणि त्यात नवा पिस्टन ओतायचा. सिलिंडर, फ्लायव्हील अशा अवजड वस्तूही त्याने स्वहस्ते घडवल्या. सूक्ष्म माप घेण्यासाठी लागणाऱ्या मायक्रोमीटरच्या जागी तो चाकाचा जुना स्पोक वापरत असे, हे तर त्याच्या चरित्रातील प्रसिद्धच सत्य आहे.

भंडाऱ्याच्या वाचकाला या वर्णनात ओळखीचे बरेच सापडेल. पितळी भांड्यांच्या धंद्यामुळे या शहराला पितळनगरी म्हणत आले आहेत. पितळ ओतणारे आणि ठोकणारे हात येथे पिढ्यानुपिढ्या घडले आणि त्यांच्या मालाची खरेदी-विक्री करणाऱ्या पेढ्या त्यांच्या शेजारीच वाढल्या. स्टीलने पितळाची बाजारपेठ आकसली, तरी फुटके भांडे मोडीत घालून वजनावर नवे घेण्याची रीत जुन्या घरांना आठवते. मोडीतला धातू म्हणजे कचरा नव्हे, थांबलेले भांडवल, ही समज येथे शिकवावी लागत नाही. मन्रोचा गाळा या अर्थाने एका कासाराचाच कारखाना होता. धातू मात्र वेगळा होता. पितळ वितळायला नऊशे अंशांच्या पुढचा ताव लागतो. पिस्टनचे ॲल्युमिनियम ६६० अंशांवरच पाणी होते. घरगुती भट्टीवर हे साधते, म्हणून हौशी कारागिराला तो मोह पडतो.

सोपे वाटणारे हे काम तेथेच फसवते. वितळलेले ॲल्युमिनियम हवेतील ओलाव्यातून वायू शोषून घेते आणि थंड होताना तो बाहेर पडून धातूत सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या ठेवतो. वरून चकचकीत दिसणारा पिस्टन आतून जाळीदार निघतो. भांड्यात अशी पोकळी राहिली तर भांडे गळेल. पिस्टनमध्ये राहिली तर ताशी अडीचशे किलोमीटरवर इंजिन फुटेल आणि स्वार त्याच्यावरच बसलेला असेल. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा अधिक फुगते. लोखंडी सिलिंडरमध्ये पिस्टन घट्ट बसवला तर तो तापून आतच चिकटतो. सैल ठेवला तर दाब निसटतो. या दोहोंमधली जागा केसाच्या जाडीइतकी असते आणि ती कोणत्या इंजिनाला किती द्यायची, हे पुस्तकापेक्षा मोडलेला पिस्टनच जास्त खात्रीने सांगतो.

मन्रोकडे असे मोडलेले पिस्टन भरपूर होते. वाकलेले, वितळलेले, भोके पडलेले भाग त्याने फेकले नाहीत. गाळ्यातील फळ्यांवर ते रांगेने मांडून ठेवले आणि वर लिहिले: वेगाच्या देवाला अर्पण. या ओळीत विनोद आहे. पण त्या फळीचा खरा उपयोग वहीसारखा होता. कोणता भाग कोठे फुटला, भेग आतून निघाली की बाहेरून, वितळण कोणत्या कडेला झाली, हे पुढचा साचा करण्याआधी डोळ्यांसमोर असे. नफ्याच्या नोंदी सगळेच सुवाच्य अक्षरात ठेवतात. तोट्याची खतावणी गाळ्याच्या दर्शनी भागात मांडणारे थोडे.

दुसरे खाते हवेचे. उघड्या मोटारसायकलीवर बसलेला माणूस हवेच्या दृष्टीने एक भिंत असतो. म्हणून अशा गाडीला दोन्ही टोकांना निमुळते होत जाणारे कवच घालतात आणि स्वाराला आत जवळजवळ पालथे झोपवतात. कवचाने हवेचा अडसर कितीतरी कमी होतो आणि शक्तीच्या खात्यातील अडतीसपटीची मागणी आवाक्यात येते. त्याची किंमत मात्र द्यावी लागते. कवचामुळे इंजिनाला वारा मिळत नाही, ते लवकर तापते. धुराड्याच्या नळ्या पायाला लागून राहतात आणि कातडी भाजते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कवचावर हवेचा जोर जेथे केंद्रित होतो ती जागा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे गेली, तर गाडी सापासारखी डुलू लागते. बाणाला पिसे मागे लावतात ती याच कारणासाठी. विशिष्ट वेगाच्या पुढे सुरू होणारे हे डोलणे मन्रोला अनेक वर्षे छळत राहिले. आयुष्यभरात तो कितीदा पडला, किती हाडे मोडली, याची मोजदाद त्याच्या चाहत्यांनी आवडीने केली आहे. त्या आवडीत सामील होण्याचे येथे कारण नाही.

टायरची गोष्ट त्यातल्या त्यात साधी. रस्त्यावरच्या टायरला पाणी आणि माती बाहेर टाकण्यासाठी खाचा असतात. अतिवेगात त्या खाचांच्या मधले रबराचे ठोकळे चाकाच्या फिरण्याने बाहेर ओढले जातात आणि सुटून उडू शकतात. मन्रो सुरीने हे ठोकळे कापून टायर गुळगुळीत करीत असे. आजच्या नियमांत ही गोष्ट कोणी चालवून घेणार नाही. आज प्रमाणित वेगाचा टायर नसेल तर गाडी सुरुवातीच्या रेषेवर जातच नाही, आणि ते योग्यच आहे.

ही तयारी नेऊन दाखवायची कोठे, हाही प्रश्न असतो. विक्रमाला शर्यतीचा वळणदार मार्ग लागत नाही. लागते कित्येक किलोमीटर सरळ, सपाट आणि मोकळी जमीन. अमेरिकेतील युटा राज्यात बॉनेव्हिल येथे एक आटलेले प्राचीन सरोवर आहे. त्याच्या तळाशी मिठाचा कडक थर साचला आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १२८० मीटर. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. त्यामुळे अडसर घटतो; पण इंजिनालाही श्वास कमी मिळतो, म्हणून इंधनाचे प्रमाण तेथे नव्याने जुळवावे लागते. मीठ काँक्रीटसारखे घट्ट दिसले तरी चाक त्यावर घसरते, आणि धाव संपली की प्रत्येक सांध्यात शिरलेले मीठ धुऊन काढले नाही तर गाडी गंजून जाते. न्यूझीलंडहून मन्रो तेथे एकूण दहा वेळा गेला. पहिल्या खेपेस केवळ मैदान पाहून परत आला. व्यापारात ज्याला बाजार पाहून येणे म्हणतात, तेच हे. उरलेल्या नऊ खेपांत त्याने तीन विक्रम केले: १९६२, १९६६ आणि १९६७.

विक्रम मोजण्याची पद्धत व्यापाऱ्याला पटेल अशी काटेकोर आहे. गाड्यांचे वर्ग इंजिनाची क्षमता, कवच आहे की नाही, इंधन कोणते, यांवरून पाडतात. त्यामुळे लहान गाडीला लहान गाडीशीच तोलले जाते. गाडी दुरून वेग घेत येते आणि आखलेल्या एका मैलाच्या किंवा किलोमीटरच्या टप्प्यात तिची वेळ नोंदली जाते. एवढ्याने भागत नाही. ठरावीक मुदतीत तिने त्याच टप्प्यातून उलट दिशेने परत यावे लागते. एकीकडे वारा पाठीशी असेल तर दुसरीकडे तो समोरून येईल. उतार असेल तर परतताना चढ होईल. दोन्ही धावांची सरासरी हाच विक्रम. जाताना कितीही वेग दाखवला आणि परतीच्या वाटेवर इंजिन बंद पडले, तर खात्यावर शून्य. मन्रोने पात्रतेसाठी केलेली एकेरी धाव ताशी ३०५.८९ किलोमीटर होती. ‘इंडियन’ छापाच्या गाडीवर तोवर अधिकृतपणे नोंदला गेलेला तो सर्वाधिक वेग; परंतु एकेरी असल्याने तो विक्रम ठरला नाही.

या खेळाचे लहान गाड्यांशी असलेले नाते महाराष्ट्राला वाटते तितके परके नाही. मधल्या एका पिढीच्या दुकानांपुढे उभ्या असलेल्या स्कूटरी आठवाव्यात. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा आणली. वर्ध्याच्या बजाज घराण्याने इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून व्हेस्पा पुण्यात बांधली. कापडाचे गठ्ठे, धान्याचे नमुने, वसुलीची पिशवी हे सगळे वाहणाऱ्या त्या दोन्ही स्कूटरींच्या मूळ इटालियन कंपन्या १९५१ साली वेगाच्या विक्रमासाठी एकमेकींशी झुंजत होत्या. त्या वर्षी फेब्रुवारीत रोम-ओस्तिया मार्गावर दिनो माझोंचिनी याने १२५ सीसीची, पाणतीरासारख्या कवचातील व्हेस्पा ताशी १७१ किलोमीटरने नेली. ऑगस्टमध्ये जर्मनीत म्युनिक-इंगोलश्टाट महामार्गावर रोमोलो फेरी याने त्याच क्षमतेच्या लॅम्ब्रेटाने दोनशेचा आकडा ओलांडला. त्याहूनही लहान इंजिनाची कथा जर्मन क्राइडलर कंपनीची. १९६५ साली रुडोल्फ कुन्झ याने बॉनेव्हिलच्या मिठावर ५० सीसीच्या इंजिनाने ताशी २१० किलोमीटरचा टप्पा पार केला. ५० सीसी म्हणजे किती, हे आपल्या वाचकांना दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली अहमदनगरात काढलेल्या पहिल्या लूनाचे इंजिन तेवढ्याच क्षमतेचे होते. बाजारातून घरी पालेभाजी आणणाऱ्या लूनाच्या मापाचे ते इंजिन, योग्य कवचात, विमानाच्या धावपट्टीवरचा वेग गाठत होते.

विदर्भातील कित्येक गोदामांत अशी एखादी लॅम्ब्रेटा, व्हेस्पा, जावा किंवा राजदूत आजही पोत्यांमागे उभी असेल. वाडवडिलांची वस्तू म्हणून ती विकली जात नाही आणि चालतही नाही. घरातील तरुणाने मन्रोचा चित्रपट पाहिला की त्याचे लक्ष तिकडे जाते. येथे एक खरा पेच आहे आणि तो भावनेवर सोडून चालणार नाही. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या दुचाकी व मोटारींची ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ या अक्षरांच्या क्रमांकाखाली नोंदणी होऊ शकते. वेगासाठी गाडी तयार करणे म्हणजे नेमके तिचे मूळ रूप मोडणे. सिलिंडर कोरले, झाकणांची जागा बदलली, चौकट कापली की ती गाडी वारसा म्हणून संपली. आणि वेगाचे यंत्र म्हणून ती यशस्वी होईल याची हमी कोणीच देत नाही. मन्रोने १९२० ची स्काउट कापली तेव्हा ती जुनी, स्वस्त गाडी होती, वारसा नव्हती. तिला मोल आले ते त्याच्या हातांमुळे. आजच्या तरुणाच्या हाती जी आहे तिला आधीच मोल आहे.

अनुभवी जीर्णोद्धारकांची वहिवाट यावर मध्यम मार्ग दाखवते. मूळ इंजिन, त्याचा क्रमांक असलेले कवच, मूळ चाके, दिवे आणि कागदपत्रे तेल लावून, गुंडाळून, यादीसह ठेवून द्यायची. प्रयोग करायचे ते भंगारातून वजनावर घेतलेल्या दुसऱ्या इंजिनावर. प्रत्येक बदलाची तारीख, माप आणि परिणाम वहीत उतरवायचा. एका वेळी एकच बदल करायचा; दोन केले तर फायदा कोणाचा, हे कळत नाही. दोन-ठोकी इंजिनाचे तंत्र चार-ठोक्याहून वेगळे असते: तेथे झाकणे नसतात, सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांची उंची आणि धुराड्याच्या नळीचा आकार यांवर सगळे अवलंबून असते. काणशीचा एक जादा फटका त्या खिडकीवर पडला तर धातू परत लावता येत नाही. ज्या जिल्ह्यात जवाहरनगरचा आयुध कारखाना आणि गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना आहे, तेथे लेथवर आयुष्य घालवलेले निवृत्त कारागीर शोधायला लांब जावे लागू नये. त्यांच्याजवळ बसून काढलेली एक दुपार महागड्या सुट्या भागांपेक्षा अधिक देऊन जाईल.

राहिला प्रश्न पळवण्याचा. वैनगंगेच्या पुलावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्यासाठी नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिणे आवश्यक आहे. त्या रस्त्यावर धान भरलेले ट्रॅक्टर, सायकलस्वार, शाळेतून घरी जाणारी मुले आणि जनावरे एकाच वेळी असतात. बॉनेव्हिलवर मन्रो पडला तेव्हा त्याच्या वाटेत दुसरे कोणी नव्हते. त्या मैदानाचे खरे वैशिष्ट्य मिठापेक्षा ते मोकळेपण आहे. आपल्याकडे मोटार क्रीडेचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संस्था करते. स्पर्धात्मक प्रयत्नासाठी तिचा परवाना घेणे हा पहिला टप्पा. इंदूरजवळ पीथमपूर येथे वाहन चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा अतिवेग मार्ग २०२१ साली खुला झाला आहे. नागपूरहून तो एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात येतो. तेथे गाडी नेण्याचा खर्च, भाडे, विमा आणि रुग्णवाहिका यांची बेरीज करून पाहिली की मन्रो इतकी वर्षे गाळ्यात का झोपत होता, ते उमगते.

मन्रो ६ जानेवारी १९७८ रोजी वारला. २००६ साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या गौरवदालनात त्याचे नाव गेले. २०१७ साली, विक्रमाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्याच्या घराण्यातील ली मन्रो याने नव्या बनावटीच्या इंडियन स्काउटवरून त्याच मिठावर ताशी १९१.२८६ मैलांची धाव घेतली.

परंतु या दोहोंच्या मध्ये, २०१४ साली, एक छोटी घटना घडली. १९६७ च्या विक्रमाचा अधिकृत आकडा ताशी १८३.५८६ मैल असा नोंदला गेला होता. तोच सगळीकडे छापला जात होता. मन्रोचा मुलगा जॉन याने जुने कागद पुन्हा पाहिले. उत्तरेकडील धाव १८४.७१० मैल, दक्षिणेकडील १८३.४६३ मैल. दोन्हींची बेरीज ३६८.१७३, निम्मे केले तर १८४.०८७. मैदानावरच्या हिशेबात कोणाचा तरी हात चुकला होता आणि पुढच्या सगळ्या वह्यांत ती चूक जशीच्या तशी ओढली गेली होती. वडिलांच्या नावावर अर्धा मैल कमी जमा झाला होता.

जॉनने ही बाब असोसिएशनच्या नजरेस आणून दिली. तिने मूळ नोंद तपासली, चूक मान्य केली आणि विक्रम दुरुस्त करून ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२५९ किलोमीटर असा नोंदवला. १९२० साली घेतलेल्या गाडीला विक्रमापर्यंत पोहोचायला ४७ वर्षे लागली होती. विक्रमाचा आकडा बरोबर लिहिला जायलाही नेमकी तितकीच वर्षे लागली.